स्लॅब टाकू नका: गावातल्या जुन्या चर्चच्या दुरुस्तीबद्दल

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. दर्यापूर तालुक्यात तुमच्या गावाच्या शिवेला एक छोटं दगडी चर्च आहे. मंडळीतली कुटुंबं एकेक करून अमरावती-अकोल्याला गेली आणि उपासना बंद पडली. मागच्या कोपऱ्यातलं छप्पर बसलंय. भिंतींना मध्यंतरी कुणीतरी सिमेंटचा गिलावा केला, तो आता फुगून पडतोय. पूर्वेच्या भिंतीत तिरपी भेग आहे. घंटा जागेवर आहे आणि आवारात काही थडगी आहेत. कवेलूवर, म्हणजे छपराच्या कौलांवर, १८६५ साल दिसतं, म्हणून गावात चर्च १८६५ चं मानतात. ग्रामपंचायत स्लॅब टाकून वाचनालय करायला तयार आहे. तर ते करावं का, आणि या वास्तूचा इतिहास कुठं सापडेल, असं तुम्ही विचारलंय.

वाचनालय जरूर करा, स्लॅब मात्र टाकू नका. पंचायतीचा ठराव अजून झाला नसेल, तर एवढं एक वाक्य आज सरपंचांच्या कानावर घालाच.

चार इंची स्लॅबचं वजन चौरस मीटरला अडीचशे किलोच्या आसपास जातं. कैच्या (छप्पर पेलणारे लाकडी त्रिकोणी सांगाडे), वासे, रिपा आणि इंग्रजी कवेलू, म्हणजे मंगळुरी कौलं, मिळून होणारं छप्पर साधारण साठ ते ऐंशी किलोत बसतं. तुमच्या भिंती या हलक्या छपरासाठी बांधलेल्या आहेत. दगड भक्कम दिसतो, पण अशा भिंतीला बाहेरून एक आणि आतून एक असे दोन थर असतात आणि मधे चुना, माती, गिट्टी भरलेली असते. वर्षानुवर्षं गळून ती भर पोकळ झालेली असते. त्यावर तिप्पट-चौपट वजन ठेवलं की दोन्ही थर एकमेकांपासून सुटून बाहेर फुगतात. त्यातून खाली तुमची काळी माती. स्लॅब टाकलेल्या अशा इमारती सुरुवातीला छान दिसतात आणि काही पावसाळ्यांनंतर पाडायची वेळ येते. पाडताना मग सगळे म्हणतात, जुनं बांधकामच कच्चं होतं.

आता ते १८६५. हा घोटाळा विदर्भातच नाही, कोकणापासून केरळपर्यंत सगळीकडे होतो. मंगळूरला बासेल मिशननं कौलांचा कारखाना काढला तो १८६५ साली, आणि कारखान्याच्या स्थापनेचं हे साल ते पुढं कितीतरी वर्षं प्रत्येक कौलावर छापत राहिले. अल्बुकर्कच्या कौलांवर १८६८ दिसतं, त्याचंही कारण तेच. शिवाय रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली १८६७ मध्ये. मंगळूरचं कौल १८६५ सालीच बैलगाडीनं दर्यापूरला आलं असेल हे संभवत नाही. म्हणजे कवेलूवरून एवढंच ठरतं की हे छप्पर त्या सालानंतरचं आहे. भिंती छपराहून जुन्या असू शकतात, कारण पहिलं छप्पर बरेचदा गवताचं किंवा देशी कवेलूचं असायचं. त्रिकोणी भिंतीच्या आतल्या बाजूला, आत्ताच्या छपराच्या खाली, वेगळ्या उताराची पुसटशी रेघ किंवा वाशांची बुजवलेली भोकं दिसतात का बघा. दिसली तर तुमच्या चर्चचं हे दुसरं छप्पर आहे.

साल ठरवायला इमारतीतच आणखी साक्षीदार असतात. दारा-खिडक्यांवर किंवा घंटेखाली लोखंडी गर्डर असेल तर तो तारेच्या ब्रशनं हलका घासून त्यावरची उठावाची अक्षरं वाचा. डॉर्मन लाँग असं असेल तर माल विलायतेहून आलेला. टाटांचं नाव असेल तर तो भाग १९१२ नंतरचा, कारण जमशेदपूरला पोलाद निघू लागलं ते त्या साली. कधी गर्डरऐवजी रुळाचा तुकडा वापरलेला असतो, त्याच्या बाजूवर साल सापडतं. घंटेवरची अक्षरं कागद ठेवून पेन्सिलीनं उतरवून घ्या. शेफिल्डच्या नेलर व्हिकर्सच्या पोलादी घंटांवर ओतल्याचं साल असतं. पण घंटा एका जागेवरून दुसरीकडे जाते, तेव्हा तिचं साल चर्चला चिकटवू नका. कोनशिला गिलाव्याखाली गेली असण्याची शक्यता मोठी. दाराच्या दोन्ही बाजूंना, कमरेच्या उंचीवर, लाकडी हातोडीनं टकटक करून आवाज कुठं बदलतो ते ऐका.

चर्च कोणत्या पंथाचं होतं हेही आतल्या रचनेवरून बरंचसं कळतं. पूर्वेला वेगळा, एखादी पायरी उंच असा वेदीचा भाग आणि दाराजवळ बाप्तिस्म्याचं दगडी पात्र असेल तर अँग्लिकन परंपरा धरा. दारातच पवित्र पाण्यासाठी कोनाडा आणि भिंतीत मूर्तींच्या जागा असतील तर कॅथलिक. वेदीपेक्षा व्यासपीठ मध्यभागी, भिंती साध्या आणि सगळी बाकं प्रवचनाकडे तोंड करून असतील तर स्कॉटिश, मेथॉडिस्ट किंवा अमेरिकन मिशन. तुमच्या वर्णनात चौकोनी खोली, एकच व्यासपीठ आणि कमानीवर काही नाही असं आहे. तेव्हा मी शेवटच्या गटाकडे झुकेन.

हे ठरवणं महत्त्वाचं आहे, कारण कागद कुठं शोधायचे ते त्यावरच ठरतं. विदर्भात मिशनांनी मुलूख जणू वाटून घेतला होता. नागपूर, वर्धा, भंडाऱ्याकडे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं काम होतं. स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपूरला आले, तिथून त्याची सुरुवात झाली. हे हिस्लॉप धर्मोपदेशक तर होतेच, पण इथल्या खडकांचा आणि जीवाश्मांचा अभ्यास करणारेही होते. टाकळघाटची शिलावर्तुळं बघून परतताना १८६३ मध्ये नाल्याच्या पुरात त्यांचा अंत झाला. चंद्रपुरात स्कॉटिश एपिस्कोपल मिशन, यवतमाळकडे फ्री मेथॉडिस्ट, मेळघाटच्या पायथ्याशी कोरकूंमध्ये काम करणारं वेगळं मिशन, आणि अकोला-अमरावती-खामगाव पट्ट्यात अमेरिकेतलं अलायन्स मिशन. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे आला १८५३ मध्ये. पुढं १८९६-९७ आणि १८९९-१९०० चे दोन दुष्काळ पडले, त्यांत मिशनांनी अनाथालयं चालवली, आणि त्या मुलांभोवती अनेक ठिकाणी मंडळ्या उभ्या राहिल्या. तुमच्या गावच्या जुन्या कुटुंबांना विचाराल तर आजोबा-पणजोबांच्या गोष्टीत छप्पन्नचा (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा) दुष्काळ येण्याची शक्यता बरीच आहे. दर्यापूरची भूगोलातली जागा बघता मी पहिला शोध अलायन्स मिशनकडे घेईन.

शोधाची सुरुवात अमेरिकेपासून करू नका. अमरावतीला गेलेल्या कुटुंबांकडे जा. बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांच्या नोंदवह्या कुणा पाळकाच्या किंवा वडील मंडळींच्या घरी पेटीत असतात. त्या मागून घरी आणू नका, तिथंच बसून पानापानाचे फोटो घ्या. नंतर भूमी अभिलेख कार्यालयातून जागेची आखीव पत्रिका आणि जुना नकाशा काढा. जागा नझूलची (सरकारी मालकीची) असेल तर पट्टा कुणाच्या नावानं दिला होता ते तिथं लिहिलेलं असतं, आणि मिशनचं नाव पहिल्यांदा पक्कं कळतं ते बहुधा याच कागदावर. अमरावती जिल्ह्याचं विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं गॅझेटियर नेटवर मिळतं, त्यात मिशनांवर परिच्छेद आहे. आणि मराठी वाचणाऱ्यासाठी मोठं धन म्हणजे ‘ज्ञानोदय’. १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झालेलं हे नियतकालिक मराठी ख्रिस्ती समाजाचं रोजचं जगणं टिपत आलंय. परदेशी अहवालात गोऱ्या मिशनऱ्याचं नाव येतं. चर्च बांधताना दगड कुणी वाहिले, पहिला पाळक कोण, वर्गणी किती जमली, असल्या गोष्टी सापडल्या तर मराठी कागदांतच सापडतील. तुमच्या वाचनालयात पहिली फाइल याच कागदांची व्हावी असं मला मनापासून वाटतं.

मालकीचा प्रश्न दुरुस्तीच्या आधी सोडवा. ‘बंद आहे’ म्हणजे ‘बेवारस आहे’ असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अनेक पंथ त्यात मिळाले, काही मिळाले नाहीत. म्हणून जुन्या कागदावरचं नाव आणि आजचा विश्वस्त यांत फरक असू शकतो. संस्था सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेत नोंदलेली असेल, तर विक्री, देणगी किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं देणं यासाठी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. त्याशिवाय पंचायतीनं पैसा घातला तर उद्या लेखापरीक्षणात अडकेल. एका धर्माचं प्रार्थनास्थळ दुसऱ्या धर्माच्या प्रार्थनास्थळात बदलायला १९९१ च्या कायद्यानं मनाई आहे. तुम्ही वाचनालय करताय, हा प्रश्न वेगळा आहे. तरी गेलेल्या कुटुंबांच्या मनात ही धाकधूक असणारच. म्हणून करारात स्पष्ट लिहा: क्रूस आणि घंटा जागेवर राहतील, नाताळला आणि थडग्यांवर फुलं वाहायच्या दिवशी मंडळीला जागा मोकळी मिळेल. हे लेखी दिलंत तर नोंदवह्यांची पेटीही आपोआप उघडेल.

आता प्रत्यक्ष काम. पहिला पैसा पाण्यावर खर्च करा. येत्या पावसाळ्यात, जोराची सर असताना, टॉर्च घेऊन आत अर्धा तास उभ्या राहा. पाणी कुठून आत येतं, कुठून ओघळतं, जमिनीवर कुठं साचतं, याचा नकाशा काढा. मग बाहेर जाऊन तेच करा. बऱ्याच गावांत मी एक गोष्ट बघितली आहे: दर काही वर्षांनी रस्त्यावर नवा काँक्रीटचा थर पडतो, रस्ता वर येतो आणि शेजारच्या जुन्या इमारतीचं जोतं जमिनीत जातं. पायऱ्या मोजा. दारापुढं दोनच पायऱ्या दिसत असतील आणि दगडाच्या घडणीवरून तळाला आणखी असाव्यात असं वाटत असेल, तर भरलेली माती उकरून जोतं उघडं करा. मात्र पायाच्या तळापर्यंत जाऊ नका. छपराचं पाणी भिंतीपासून दूर नेणारा उताराचा उथळ चर काढा. भिंतीला खेटून पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीटचा पट्टा घालू नका. पंचायतींना पेव्हर ब्लॉक फार प्रिय असतात. पण तो पट्टा जमिनीतली ओल वाफ होऊ देत नाही, मग ती भिंतीतून वर चढते.

तिरप्या भेगेचं कारण बहुधा पूर्णा खोऱ्यातली खोल काळी माती. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. मे महिन्यात वावराला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच हालचाल पायाखाली होते. भेग लगेच बुजवू नका. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरनं चिकटवा, शेजारी तारीख लिहा. पट्टीच्या बाजूला, भेगेच्या दोन्ही काठांवर पेन्सिलीच्या दोन खुणा करून त्यांतलं अंतर मोजून ठेवा. मेच्या शेवटी आणि ऑगस्टच्या शेवटी पुन्हा मोजा. उन्हाळ्यात उघडून पावसात मिटत असेल तर ती मातीची भेग आहे. पाणी नीट वळवलं की ती बरीच शांत होते आणि मऊ चुन्यानं भरता येते. वर्षभर एकाच दिशेनं वाढत असेल तर मात्र संरचना अभियंत्याला बोलवा. आणि भिंतीजवळ मोठा कडुनिंब असेल तर भेग दिसली म्हणून एका दिवसात तोडू नका. झाड रोज मातीतलं पाणी ओढत असतं. ते अचानक गेलं की माती परत फुगते आणि दुसरीकडं भेग पडते. भिंतीतून उगवलेला पिंपळ मात्र लहान असतानाच काढायचा. खोड कापून भागत नाही, मूळ मारावं लागतं.

सिमेंटच्या गिलाव्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण तुमच्या भागात हा प्रश्न इतर ठिकाणांहून अवघड आहे. दर्यापूर खारपाणपट्ट्यात येतं. तुमच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार आहेत, मातीत आहेत, म्हणून भिंतीतही आहेत. चुन्याच्या भिंतीत ओल आली तर ती पृष्ठभागावर येऊन वाळते आणि लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) बाहेर झटकून टाकता येतो. सिमेंटचा घट्ट थर दिला की ओल आतच कोंडते, क्षारांचे खडे गिलाव्यामागं वाढतात आणि दगडाचे, विटांचे पापुद्रे घेऊन गिलावा पडतो. पडलेला एखादा तुकडा उचलून त्याची मागची बाजू बघा. पांढरे केसांसारखे धागे आणि त्याला चिकटलेली दगडाची भुकटी दिसेल. तो गिलावा काढायचा, पण छिन्नी-हातोडीनं, सुटलेल्या ठिकाणापासून सुरुवात करून. ब्रेकर मशीन अजिबात नको. जिथं सिमेंट दगडाला घट्ट धरून आहे आणि काढताना दगडाचा चेहराच उतरतो, तिथं ते तसंच राहू द्या. मग भिंत एक पूर्ण कोरडा हंगाम उघडी ठेवा. लोणा येईल तसा कोरड्या ब्रशनं झाडा, सुपात गोळा करून आवाराबाहेर टाका. पाण्यानं धुऊ नका, धुतलात तर तो परत आत जाईल.

आतल्या भिंतींवर रंगाचे थर खरवडताना मजुरांना एकदम सोडू नका. कमानीच्या वर आणि व्यासपीठामागे नाण्याएवढी जागा पातळ पात्यानं थराथरानं उघडा. एका गावात मी असं केलं तेव्हा वर डिस्टेंपर, खाली निळीचा चुना, त्याखाली पिवडी आणि अगदी तळाशी काळ्या रंगाची वळणदार कड लागली. रोज वीतभर पुढं सरकत गेलो तसं ‘देव प्रीती आहे’ हे वचन कमानीभर उघडं झालं. रंगाऱ्यानं ओळ आखायला मारलेली सुताची बारीक रेघही चुन्यात उमटलेली होती. पॉलिश पेपर लावला असता तर ते सगळं तासाभरात गेलं असतं.

नवा मसाला बनवण्याआधी जुना बघा. सांध्यातला मुठीएवढा मसाला काढून बाटलीत पातळ केलेल्या हायड्रोक्लोरिक आम्लात टाका, उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालून. चुना फेस येऊन विरघळतो आणि खाली वाळू, सुरकी (विटेची पूड) जे असेल ते उरतं. त्यावरून वाळू किती जाड, सुरकी होती का, हे कळतं. साधारणपणे एक भाग चुन्याला दोन ते तीन भाग मिश्रण, त्यात ओलीच्या भागासाठी सुरकी, असं प्रमाण बसतं. कळीचा चुना हौदात विझवून, चाळून, निदान काही आठवडे पाण्याखाली मुरू द्या, जितका मुरेल तितका बरा. दुकानातली चुन्याची पिशवी उघडून लगेच वापरली तर काम भुगाभुगा होतं. बेलफळाचा गर, हिरड्याचं पाणी, गूळ हे जुने गवंडी घालत. घालायला हरकत नाही, पण हात आखडता ठेवा. गूळ जास्त झाला की मुंग्या आणि बुरशी धरते. आणि तुमच्यासाठी सर्वात मोठी अट: विझवायला आणि कालवायला बोअरचं खारं पाणी वापरायचं नाही. नळयोजनेचं गोडं पाणी किंवा टाकीत साठवलेलं पावसाचं पाणीच घ्या. नाहीतर जे क्षार झाडून काढले तेच आपण हातानं भिंतीत भरू.

चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू घट्ट होतो, त्यासाठी त्याला ओलावा आणि वेळ दोन्ही हवेत. आपल्याकडे मार्चनंतर ऊन इतकं चढतं की गिलावा एका दुपारी वाळून चिरतो. म्हणून चुन्याचं काम दसऱ्यानंतर सुरू करून होळीच्या आधी उरका, आणि ओली पोती लावून ठेवा. वरून चुन्याचीच सफेदी द्या. प्लास्टिक पेंट दिलात तर सिमेंट काढल्याचे श्रम वाया गेले.

छपराकडं चढताना कैचीची टोकं आधी बघा. सागाचा गाभा वाळवी सहसा खात नाही. कुजतं ते भिंतीत घुसलेलं टोक, कारण तिथं ओल असते आणि हवा नसते. टोचणीनं टोचून बघा, जिथं आत जाईल तिथपर्यंत लाकूड गेलं. संपूर्ण कैची बदलायची गरज क्वचितच पडते. कुजलेलं टोक कापून जुन्या सागाचा तुकडा तिरक्या सांध्यानं जोडता येतो, बोल्ट लावून. पाडलेल्या वाड्यांचा साग अचलपूर-परतवाड्याकडे बघा. कैचीची खालची आडवी तुळई कुणी पंखे लावायला किंवा उंची वाढवायला कापली आहे का, ते न विसरता तपासा. ती तुळईच दोन्ही भिंतींना बाहेर झुकण्यापासून रोखते. कवेलू उतरवताना एकेक तपासा, धडके परत चढवा, ते समोरच्या उतारावर एकत्र घ्या आणि नवे मागे लावा.

फरशी शहाबादी असेल तर तीच चुन्यात परत बसवा. वर व्हिट्रिफाइड टाइल्स घातल्या की जमिनीची ओल भिंतींकडे वळते. पुस्तकांची कपाटं भिंतीपासून वीतभर पुढं ठेवा, वायरिंग उघड्या पाइपमधून न्या, भिंतीत खाचा मारू नका, संडास बाहेर बांधा. फॉल्स सीलिंग कुणी सुचवेल. नको म्हणा, गळती लपली की वर्षभर कळत नाही.

थडग्यांना हात लावण्याची घाई नको. शिळा सरळ करून, उचलून एका ओळीत मांडायचा मोह कमिट्यांना होतो. ज्या जागी जी आहे तिथंच ती राहिली पाहिजे, नाहीतर ती कुणाची ते हरवतं. आम्लानं, खडूनं, तारेच्या ब्रशनं घासू नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर तिरप्या उजेडात फोटो घ्या, झिजलेली अक्षरंही उठून दिसतात. सावलीत असेल तर आरशानं उजेड बाजूनं पाडा. इंग्रजी नावांच्या शिळांसाठी बॅक्सा ही १९७६ पासून दक्षिण आशियातल्या युरोपीय दफनभूमींच्या नोंदी ठेवणारी संस्था आहे, तिला फोटो पाठवा. मराठी नावांच्या शिळांसाठी तुम्हालाच घरोघर जावं लागेल, आणि त्या नावांची यादी आधी करा.

गवंडी निवडताना निविदेच्या कमी दरावर जाऊ नका. चुन्यात हात घातलेला एखादा म्हातारा मिस्त्री आसपास असेलच. तो स्वतः चढू शकत नसला तरी दोन तरुणांना शिकवू शकतो, त्याची मजुरी अंदाजपत्रकात वेगळी धरा. मागच्या भिंतीवर, वाऱ्या-पावसाच्या बाजूला, चौरस मीटरभर नमुना करून घ्या: सांधे भरलेले, गिलावा, सफेदी. त्यावरून एक पावसाळा जाऊ द्या. पुढच्या दसऱ्याला तो नमुना नखानं खरवडून बघा, त्याचा, भेगेच्या पट्टीचा आणि दाराच्या पायऱ्यांचा फोटो पाठवा. मसाल्याचं प्रमाण आपण त्यावरून पक्कं करू.